लेकुरवाळी मरळ

हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलो आणि निजामी राजवटीत नव्यानंच उघडलेल्या मत्स्यखात्यात निरीक्षक म्हणून लागलो, तेव्हा औरादच्या बाजारात आमच्या भावकीतले एक चुलते भेटले. भर बाजारात त्यांनी आवाज दिला.

"काय रे, लई शिकून आलास म्हनं. कुठं चिकटलास?"

"मत्स्यखात्यात, अप्पा."

"म्हंजी काय करायलास?"

"मांजरेतले मासे कमी झालेत. ते राखायचे, वाढवायचे."

अप्पांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि शेजारच्या मिरचीवालीलाही ऐकू जाईल असं म्हणाले, "तुज्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं राखली, आन् तू यवढा शिकून मासे राखायलास व्हय? आरं, मेंढरं निदान दिसत तरी व्हती!"

मिरचीवाली हसली, तिचं गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "मनावर घिऊ नकू. पगार सरकार देणार का मासे, तेवढं इचारून घे."

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या शिक्षणापायी वडिलांचा कळप लहान लहान होत गेला, हे मला कॉलेजात असताना कळत नव्हतं; सुट्टीत घरी आलो की मेंढरांचं वाडगं मोकळं मोकळं दिसायचं, एवढंच. ती नोकरी मला फार मोठी वाटली. आजही वाटते. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा म्हटल्यावर पुष्कळ साहेब, बदल्या आणि तपासण्या डोळ्यांपुढून गेल्या. पण लिहायला बसलो तर एक मासाच पुन्हा पुन्हा वर येतो आहे. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहितो.

मरळ हा मासा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. डोकं सापासारखं चपटं, अंग काळपट हिरवं, काटे कमी. ही अधूनमधून पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेते. त्यामुळं ओल्या मडक्यात घालून बाजारापर्यंत जिवंत नेता येते, आणि जिवंत माशाला चांगलं गिऱ्हाईक मिळतं. आमच्या भागात तापातून उठलेल्या माणसाला आणि बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात. हकीमही तेच सांगत आणि म्हाताऱ्या बायकाही.

पण तिची खरी गंमत पावसाळ्यात. धारेपासून बाजूला, गवताळ संथ पाण्यात ती अंडी घालते. बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात. मरळीची जोडी जात नाही. नर आणि मादी दोघंही राखण करतात. पिल्लं बाहेर पडली की ती शेंदरी रंगाची असतात आणि सगळी एकत्र राहतात. पाण्यावर कुणी शेंदराची पुडी सांडावी तसा त्यांचा थवा सरकत असतो, आणि खाली काळ्या सावलीसारखे आईबाप. पिल्लांचा रंग काळवंडेपर्यंत, म्हणजे त्यांना लपता येईपर्यंत, दोघं त्यांना सोडत नाहीत.

माणसानं नेमकं हेच हेरलं होतं. गळाला बेडूक लावायचा आणि तो त्या शेंदरी थव्याच्या मधोमध नाचवायचा. मरळ त्याच्यावर झेप घेते. भुकेनं नव्हे; पोरांत कोण शिरलं म्हणून. इतकी सोपी शिकार दुसरी नाही. आधी एक जाते, थोड्या वेळानं दुसरी. मग संध्याकाळपर्यंत शिंगटे मासे, पाणसाप आणि बगळे मिळून सगळा थवा संपवतात. दोन मासे घरी येतात आणि शेकड्यांनी नदीतून जातात. मांजरेच्या आमच्या पट्ट्यात मरळ दिसेनाशी झाली होती ती अशी.

माझ्या खात्यानं मला एक सायकल दिली होती, काचेच्या थोड्या बरण्या आणि उर्दूत लिहिलेला हुकूम. हाताखाली माणूस नव्हता. त्यामुळं ज्यांना मी एक पैही देऊ शकत नव्हतो, अशाच माणसांच्या जिवावर माझं काम चाललं.

त्यातला पहिला मल्लप्पा. आमच्या भालकीकडच्या मेहकरच्या खालच्या अंगाला नदीकाठी भोयांची चार घरं होती, त्यातल्या एका घरात तो, त्याची बायको काशव्वा, मुलगा आणि नवी सून गंगव्वा राहत. मुलगा बहुतेक वेळ बिदरकडं हमालीला असे. थव्यावर गळ टाकण्यात मल्लप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून मी आधी त्याच्याकडंच गेलो.

"मल्लप्पाण्णा, औंदा थवे किती दिसले?"

"एक."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी कोन मोजतंय सायेब? घरातली भाकर कोन मोजतंय का?"

"मग ह्या एकावर गळ टाकू नका."

"सरकारी कायदा हाय?"

"नाही."

"मंग सांगायलास कामून?"

मी खरं ते सांगितलं, "मला राहवत नाही म्हणून."

मल्लप्पा पोटभर हसला. "ए काशव्वा, भायेर ये. पगारी मानसाला ऱ्हावत न्हाई म्हनं! बघून तरी घे."

काशव्वा बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "जेवलाय का न्हाई ते इचारलं का त्येला?" आणि मला ज्वारीची भाकर, अंबाड्याची भाजी वाढली. त्या दिवसापासून ती मला 'लेकरा' म्हणू लागली. साहेब कधीच म्हणाली नाही.

मल्लप्पा एका जेवणात वळला नाही. पण तो एक थवा वस्तीजवळच्या ज्या डोहात होता तिथं मी रोज जाऊन बसू लागलो तसा तोही येऊन बसू लागला, आणि एक दिवस ह्या थव्यावर गळ टाकणार नाही असा शब्दही त्यानं दिला. तिसरा आला तो मेहकरचा किराणा दुकानदार शिवलिंगप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि माशाचा वास आला की नाकाला उपरणं. तो आला ते वाद घालायला.

"तुमी सगळे खानारे. खानाऱ्यानं राखायचं म्हंजे मांजराला दुधाशी बशीवल्यागत झालं. म्या बसतो. मला त्येच्यात काय गोडी न्हाई, कुनी संशय घ्यायचा न्हाई."

"आन् दुकान?" मल्लप्पानं विचारलं.

"बायकू बगतीया. माझ्यापरीस बरं तोलती."

अशा रीतीनं, ज्यानं जन्मात मासा चाखला नाही तो माणूस आमच्या मरळीचा सगळ्यात कडक पहारेकरी झाला. मळ्याकडं जाताना इतरही थांबू लागले. मेंढपाळ आपली मेंढरं त्या काठाला पाण्यावर आणीनात. कुणी कुणाला हुकूम दिला नव्हता.

पहिल्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो ते बायकांच्या मायेनं. डोहात लेकुरवाळी आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, हे मी वस्तीत सांगत फिरलो होतो. बायकांनी ते आपल्या रीतीनं घेतलं. एका सकाळी जाऊन पाहतो तर काठाला हळदकुंकू, आणि पाण्यात डिंकाचे लाडू, खारीक, खोबरं आणि बाळंतशोपा सोडलेल्या. काशव्वा पदर खोचून उभी.

"हे काय, मावशी?"

"बाळंतिणीला सुकं ठिवत्यात व्हय रे? इतकी पोरं पाजायची तिला."

"मावशी, मरळ पाजत नाही."

"न्हाई पाजत? मंग तर तिला लईच कमी पडत असंल. टाक ग आनीक दोन लाडू!"

मरळीनं लाडवांकडं पाहिलंही नाही. पण त्या वासानं डोहभरचे शिंगटे आणि खेकडे गोळा झाले आणि खोबऱ्यावरून वळून थव्यात शिरले. मरळीची जोडी वेड्यासारखी इकडून तिकडं झेपावत होती. शिवलिंगप्पा कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि फुगलेले लाडू ओंजळीनं काढू लागला. बायका काठावर ओरडत होत्या आणि तो त्यांना कानडीतून जे बोलत होता ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या वर्षी थव्यातली थोडीच पिल्लं उरली. काशव्वा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "आमाला काय ठाव, ती काय खाती ते? तू आधी सांगायचं व्हतंस." तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात जोडी पुन्हा त्याच डोहात आली. तेव्हा एक दिवस तालुक्याचे एक बडे अंमलदार विलायती गळ आणि छत्रीवाला शिपाई घेऊन काठावर उतरले. मी नेमका वरच्या गावी होतो. डोहावर शिवलिंगप्पा एकटा. मी परतलो तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते.

"क्या जी, मच्छी कू बी पहारा? खजाना है क्या?"

"हौ सरकार, खजानाच है."

"किसका हुकूम?"

शिवलिंगप्पानं माझ्याकडं बोट दाखवलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी सलाम करून जे पुस्तकी उर्दूत येत होतं ते सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणालो की साहेबांनी एकदा खाली वाकून पाहावं. ते वाकले. शेंदरी थवा नेमका काठाशी आला होता, आणि त्याच्याखालून मरळीनं वर येऊन एक बुडबुडा सोडला. साहेब बराच वेळ वाकूनच राहिले. मग शिपायाला त्यांनी गळ गुंडाळून ठेवायला सांगितलं. दुपारभर ते छत्रीखाली बसले आणि शिवलिंगप्पाला आपल्या चार मुलींची नावं, वयं आणि हट्ट सांगत राहिले. जाताना थव्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बडे हुए तो बोलना जी."

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

त्याच पावसाळ्यात मल्लप्पाची सून गंगव्वा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ ठीक होतं, पण गंगव्वाला ताप भरला. तो उतरला तरी पोरगी अंथरुणावरून उठेना. पेज दिली तर उलटे, कोंबडीचा रस्सा पोटात ठरेना. दूध आटलं. बाळाला शेजारची बाई पाजत होती. भालकीच्या हकिमांनी नाडी पाहून मरळीचा पातळ रस्सा सांगितला. त्यांना आमच्या डोहाची काय कल्पना!

मी सायकलवरून भालकीचा बाजार पाहिला, बिदरचा पाहिला. शिवलिंगप्पा मालाला चिटगुप्प्याला गेला होता, तिथं त्यानं, ज्यानं जन्मात मासळीच्या रांगेत पाऊल टाकलं नव्हतं, त्यानं उपरणं नाकाला लावून सगळ्या टोपल्या पाहिल्या. मरळ कुठंच नव्हती. नदी गढूळ आणि फुगलेली. जाळ्यात गाळ आणि काटक्या येत. मल्लप्पा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वरच्या-खालच्या पाण्यात गळ टाकून हिंडला. हातात काही आलं नाही.

सगळ्या पट्ट्यात ठाऊक असलेली मरळ एकाच ठिकाणी होती.

मल्लप्पा डोहाशी येऊन बसला. गळ आणला नव्हता. मी त्याच्या शेजारी, पलीकडं शिवलिंगप्पा. थवा त्या दिवशी फार सुंदर दिसत होता, आणि तो दिसू नये असं मला वाटत होतं.

तेवढ्यात काशव्वा आली. ती माझ्याकडं वळलीच नाही, नवऱ्यापुढं उभी राहिली.

"ऊठ. गळ घिऊन ये."

"शब्द दिलाय म्या."

"शब्दाचा रस्सा करून पाजतोस काय तिला? माशाची बाळंतीण जगवायची आन् माझी मारायची?"

मल्लप्पा खाली पाहत राहिला. मी काही बोलणार एवढ्यात शिवलिंगप्पा उठला. त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"धर, मल्लप्पा. म्या सांगतो, धर. एक धर. एक ऱ्हाऊ दे."

मग मीही म्हणालो, धरा. खात्याचा निरीक्षक म्हणून नव्हे, मी त्या घरची भाकर खाल्ली होती म्हणून म्हणालो. आज विचाराल तरी तेच सांगेन. पण ते शब्द तोंडातून निघताना मी डोहाकडं पाहिलं नाही, हेही खरं.

मल्लप्पानं गळ आणला. त्याच्याइतका सराईत हात, पण बेडूक गळाला लागेना. पहिल्यांदा टाकला तो थव्याच्या बाहेरच पडला. मला वाटतं, त्यानं मुद्दामच तसा टाकला. काशव्वा हळू आवाजात म्हणाली, "टाक रं. ती बी लेकुरवाळीच हाय, तिला कळंल." दुसऱ्यांदा गळ थव्याच्या मधोमध पडला आणि पाणी फुटलं. मल्लप्पानं तिला काठावर घेतलं, झटकन ओल्या धोतराखाली झाकलं आणि काशव्वाच्या हवाली करून पाठमोरा बसला. नर होता की मादी, ते आम्ही पाहिलं नाही. विचारलंही नाही.

डोहात राहिलेली एकटी मरळ थव्याभोवती गोल गोल फिरत होती. शिंगटा एका बाजूनं आला की तिकडं झेपायची, तोवर दुसऱ्या बाजूनं पाणसाप. दोघांचं काम होतं ते. एकट्यानं उरकणारं नव्हतं. आम्ही पाहत होतो आणि थवा कडेकडेनं झिजत होता.

रस्सा चुलीवर चढवून काशव्वा परत आली. तिनं ते पाहिलं. तिनं कुंपणातली लांब काठी उपटली, लुगडं वर खोचलं, कडेच्या पाण्यात उतरली आणि शिंगट्याच्या डोक्यात काठी घातली.

"एकीला आमी नेली," ती म्हणाली. "तिचं काम आमी करू."

तिथून पुढं डोहावर पाळ्या लागल्या. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कुणीतरी काठी घेऊन पाण्याच्या कडेला. भोयांच्या बायका, शिवलिंगप्पा, त्याची बायको, मेंढपाळ, मी. पाणकावळ्यांना हुसकायला एक जुनं लाल लुगडं बाभळीला बांधलं. सुरुवातीला राहिलेली मरळ आमच्या काठीवरही धावून यायची. मग तिला सवय झाली की काय, कोण जाणे. आम्ही ज्या बाजूला उभे असू त्याच्या उलट बाजूला ती राहू लागली. मी पुस्तकात असं काही वाचलेलं नाही. मी फक्त पाहिलेलं लिहितो.

मध्ये एकदा नदी चढली आणि धारेचं पाणी डोहात शिरू लागलं. ते शिरलं असतं तर पिल्लं वाहून गेली असती. त्या दिवशी बोलवावं लागलं नाही कुणाला. पावसात दगड, बाभळीच्या फांद्या, भिजलेली पोती, जे मिळेल ते डोहाच्या तोंडाशी रचलं. शिवलिंगप्पानं दुकानातली मिठाची गोण आणली, "मीठ इरघळून जाईल की रं येड्या!" असं मल्लप्पा ओरडला, तेव्हा त्याला कळलं आणि तो गोण डोक्यावर घेऊन तसाच पळत परत गेला. चिखलात उभे राहून आम्ही सगळे हसलो. कितीतरी दिवसांनी मल्लप्पा हसला. बांध टिकला.

गंगव्वा उठली. रस्सा पोटात ठरला, मग पेज ठरली, मग दूध आलं. ती मरळीनं बरी झाली, की ताप जाऊन तिचं अंग आपोआपच सावरणार होतं, हे विज्ञानाचा पदवीधर म्हणून मी छातीठोक सांगू शकत नाही. काशव्वा सांगू शकत होती आणि ती सगळ्यांना सांगत होती.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात एकाहून जास्त डोहांत शेंदरी थवे दिसले, आणि वरच्या गावांतही लोक आपले डोह राखू लागले. माझ्या साहेबांनी विचारलं, यासाठी किती माणसं नेमलीस? मी म्हणालो, एकही नाही. त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. त्यानंतर लवकरच दिवस बिघडले. माणसं एकमेकांना भिऊ लागली, गावं ओस पडली, राजवट बदलली आणि माझी बदली दूर झाली. मेहकरला पुन्हा जाणं फार उशिरा झालं. या गोष्टीची खंत आहे. मल्लप्पा तेव्हा नव्हता.

पण गंगव्वा बाळंत झाली त्याच पावसाळ्यातला एक दिवस माझ्याजवळ आहे. पिल्लांचा शेंदरी रंग जाऊन ती काळसर झाली होती. थवा सैल पडत होता. दोन-चार, दोन-चार अशी पिल्लं गवतात शिरून दिसेनाशी होत होती. आमचं काम संपल्यासारखं होतं. अशा वेळी गंगव्वा डोहावर आली. कडेवर बाळ, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, चालताना अजून झोक जायचा. रस्सा कुठल्या मरळीचा होता ते तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं, पण वस्ती केवढी! तिला कळलं होतं.

"मामा, माझी बारी कवाची?" तिनं मल्लप्पाला विचारलं.

मल्लप्पानं हातातली काठी तिला दिली आणि जागा करून दिली. ती काठावरच्या दगडावर बसली. बाळाला मांडीवर घेऊन पदराखाली पाजायला घेतलं, आणि दुसऱ्या हातात काठी. तशी ती पाण्याकडं पाहत राहिली. मोठी मरळ एकदा वर आली, हवा घेऊन खाली गेली, आणि मग आम्हाला पुन्हा दिसली नाही. तीही आपल्या वाटेला लागली असावी.

ऊन कलल्यावर काशव्वा सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आली.

"चल ग, गार वारा सुटलाय. लेकराला बाधंल."

"तुमी व्हा म्होरं, आत्या. थोडी आजून हितंच फिरायल्यात."

काशव्वानं वाकून पाहिलं. दगडाच्या आडोशाला मूठभर काळी पिल्लं एकमेकांना बिलगून हिंडत होती.

"आगं, मोठी झाली की ती आता."

"व्हय," गंगव्वा म्हणाली. "पर त्यास्नी कुठं ठाव हाय?"

काशव्वानं डोक्यावरची मोळी खाली ठेवली, सुनेच्या मांडीवरचं बाळ आपल्याकडं घेतलं आणि ती तिच्या शेजारी बसली.